ओरिजिनलचे पैसे, डुप्लिकेटचा माल

"ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट?" इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो, की त्यात काही वावगं आहे हे नवख्याच्या लक्षातही येत नाही. प्रस्तुत लेखकाने ओरिजिनल मागितला, ओरिजिनलचे पैसे मोजले आणि हातात पडला डुप्लिकेट. त्याचा राग अजून गेलेला नाही.

वस्तू होती २एन३०५५. धातूच्या टोपीचा, दोन पायांचा पॉवर ट्रान्झिस्टर. तिसरं टोक, म्हणजे कलेक्टर, ही त्याची टोपीच. आरसीए कंपनीने १९६० च्या दशकात आणलेला हा पार्ट नंतर घरोघरच्या ॲम्प्लिफायरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये आणि पॉवर सप्लायमध्ये जाऊन बसला. डेटाशीटप्रमाणे ६० व्होल्ट, १५ अँपिअर आणि बूड थंड राखलं तर ११५ वॅट.

काम आकाशकंदिलाचं. पुतणीने बांबूच्या काड्यांचा सांगाडा बांधून त्यात डब्ल्यूएस२८१२बी जातीचे ५० एलईडी बसवले होते. यातल्या प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची चिप असते, त्यामुळे प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येतो. पूर्ण पांढरा लावला की एक एलईडी ५ व्होल्टवर साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो. पन्नासांचे झाले ३ अँपिअर. तयार ॲडॉप्टर मिळतो, पण सप्लाय घरी बांधण्यातली मजा त्यात नाही. एलएम३१७ हा रेग्युलेटर एकटा दीड अँपिअरपर्यंतच जातो, म्हणून व्होल्टेज त्याने सांभाळायचं आणि प्रवाहाचा भार २एन३०५५ ने वाहायचा, अशी ती जुनी, सगळ्यांनी वापरलेली जोडी.

हिशेबात खोट नव्हती. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १०,००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर. लोडवर सरासरी १४ व्होल्ट. त्यातले ५ बाहेर गेले की ट्रान्झिस्टरवर राहिले ९. गुणिले ३ अँपिअर, म्हणजे २७ वॅट उष्णता. खऱ्या २एन३०५५ मध्ये आतली चिप बुडापेक्षा दर वॅटला साधारण दीड अंशाने जास्त तापते. म्हणजे चाळीसेक अंश. तिची मर्यादा २०० अंश सेल्सिअस. हीटसिंक भलामोठा होता, मायकाचा तुकडा आणि पांढरी पेस्टही नीट लावली होती.

पुतणीने सगळे दिवे पांढरे केले. थोडा वेळ कंदील झगझगला आणि मग एकदम अंधार. मल्टिमीटर लावला तर कलेक्टर आणि एमिटर दोन्ही बाजूंनी शॉर्ट. पॉवर ट्रान्झिस्टर जातो तो बहुधा असाच जातो, आणि जाताना मागचं सगळं व्होल्टेज पुढे सोडतो. ५ व्होल्टच्या एलईडीच्या पट्टीवर १४ व्होल्ट गेले. पट्टी गेली, तिला चालवणारा छोटा आर्डुइनो नॅनो गेला. पोरीचा चेहरा पाहवेना.

मग तो ट्रान्झिस्टर पकडीत धरून हॅकसॉने टोपी कापली. (इथे एक सूचना: रेडिओ फ्रिक्वेन्सीचे पॉवर ट्रान्झिस्टर असे कधीही कापू नयेत. त्यातल्या काहींत बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.) आत जाड बुडावर मसुरीच्या दाण्याहून लहान चिप, त्यावर केसासारख्या बारीक तारा. शेजारी ठेवायला जुन्या मेलेल्या ॲम्प्लिफायरमधला २एन३०५५ कापला. त्याची चिप बाजूला चार मिलिमीटर भरली. नव्याची जेमतेम दीड. म्हणजे क्षेत्रफळ सातवा हिस्सा, आणि उष्णता बाहेर पडायला वाट तेवढीच. टोपीवरचा छाप थिनरच्या बोळ्याने पुसला गेला, खाली घासल्याचे ओरखडे. कुणीतरी कमी ताकदीचा पार्ट घेऊन, घासून, त्यावर मोठ्याचं नाव छापलं होतं. फसवण्यासाठी कुणीतरी बसून एवढी मेहनत घेतली होती. हीच गोष्ट अजून सलते.

दोन्ही तुकडे दुकानात काउंटरवर ठेवले. उत्तर आलं, "जळालेला माल परत होत नाही. आम्हाला वरून असाच येतो." बिल होतं, पण त्यावर नुसतं 'पार्ट्स' लिहिलेलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बनावट माल विकण्याला शिक्षा आहे. पण एका ट्रान्झिस्टरसाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार? या धंद्याचा सगळा आधार तोच आहे. पैसे थोडेच बुडतात हो. बुडतो तो शिकणाऱ्याचा विश्वास. सर्किट बरोबर जोडलेल्या मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. तो सोल्डरिंग आयर्न ठेवून देतो, आणि त्याच्या नापास होण्याला कुणी जबाबदार नसतं.

एवढं लिहूनही त्या बाजारावर बहिष्कार घाला असं म्हणवत नाही. पुण्याची तपकीर गल्ली, पासोड्या विठोबाचा परिसर, मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे एक रेझिस्टर, एक नट, एक वॉशरही सुटा मिळतो. पार्ट हातात घेऊन त्याच्या जागी दुसरा कुठला चालेल हे सांगणारी माणसं त्याच काउंटरमागे बसतात. अधिकृत वितरकाकडे माल खरा, पण एका पार्टपेक्षा कुरिअरच महाग. प्रस्तुत लेखक रेझिस्टरचे रंग वाचायला असल्याच एका काउंटरवर शिकला आणि आजही महिनाअखेरीस तिकडेच वळतो.

फक्त पॉवर ट्रान्झिस्टर, रेग्युलेटर आणि मॉसफेट यांच्या बाबतीत तडजोड करू नका. ते वितरकाकडून मागवा, चार मित्रांची ऑर्डर एकत्र केली की कुरिअर परवडतं. सप्लायला व्होल्टेज चढताच फ्यूज उडवणारं क्रोबार सर्किट लावा आणि नाजूक वस्तू जोडण्याआधी गाडीच्या बल्बवर तासभर चालवून पाहा. दुकानातूनच घ्यायचं असेल, तर बिलावर पार्टचा नंबर आणि कंपनीचं नाव लिहून मागा. दुकानदार लिहायला कांकू करू लागला, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.