रजा टाकून गाणारा

टेरी कॅलिअरचे स्टुडिओ अल्बम सालवारीनं लावले, तर १९७९ आणि १९९८ यांच्यामध्ये मोठी पोकळी दिसते. शिकागोच्या या गायकाबद्दल बोलणारे तिथे येऊन हळहळतात. केवढा आवाज वाया गेला, म्हणतात. मला मात्र त्याच्या आयुष्यातला हाच काळ सगळ्यात जास्त विचारात पाडतो.

कॅलिअर १९४५चा, शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन वस्तीत वाढलेला. पुढे सोल संगीतात मोठे झालेले कर्टिस मेफील्ड आणि जेरी बटलर हे त्याचे लहानपणचे सवंगडी. सतराव्या वर्षी चेस या रेकॉर्ड कंपनीनं त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. दौऱ्यावर जायची संधी चालून आली, तेव्हा आईनं बजावलं, आधी शाळा पुरी कर. तो थांबला. घरच्या माणसापायी गाणं बाजूला ठेवायची ती पहिली खेप.

पुढे गिटार घेऊन तो कॉफीहाउसांत लोकगीतं गाऊ लागला. १९६४मध्ये त्यानं जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला प्रत्यक्ष ऐकलं. माणूस संगीतात स्वतःला इतकं झोकून देतो, हे पाहून तो हादरला. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या पहिल्या अल्बमवर कोल्ट्रेनची सावली आहे. गिटारच्या साथीला एक नव्हे, दोन बास. ‘कॉटन-आइड जो’ हे खरं तर नाचाचं गाणं, पण कॅलिअर ते इतकं संथ गातो की पाय जागीच राहतात आणि आत दडलेलं दुःख वर येतं. जुन्या गाण्याला धक्का न लावता त्याचा अर्थ उलगडायची ही ताकद विशीच्या आतली आहे, याचं मला आजही नवल वाटतं. अल्बमचा निर्माता सॅम्युअल चार्टर्स ध्वनिमुद्रणाच्या फिती घेऊन मेक्सिकोच्या वाळवंटात निघून गेला. अल्बम बाजारात यायला काही वर्षं लागली, आणि तोवर फोकचा बहर ओसरला होता.

सत्तरच्या दशकात संगीतकार-निर्माता चार्ल्स स्टेपनीबरोबर त्यानं तीन अल्बम केले. त्यातल्या ‘व्हॉट कलर इज लव्ह’ची (१९७३) सुरुवात होते ‘डान्सिंग गर्ल’नं. सुमारे नऊ मिनिटांचं हे गाणं नुसत्या गिटारवर हळुवार सुरू होतं आणि बघता बघता अख्ख्या वाद्यवृंदाला कवेत घेतं. त्यात फोक, सोल आणि जॅझ वेगळं काढता येत नाही. विकणाऱ्यांना कप्पे हवे होते. खप बेताचाच राहिला.

मग त्याची मुलगी त्याच्याकडे राहायला आली. तिला घर, शाळा आणि त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पगार लागणार होता. १९८३च्या सुमारास कॅलिअरनं गाणं थांबवलं, संगणकाचं प्रोग्रॅमिंग शिकला आणि शिकागो विद्यापीठात नोकरीला लागला. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन समाजशास्त्रही शिकला. याला हरवणं म्हणायला माझं मन तयार नाही. कुणाला आपली किती गरज आहे, हे ओळखून वागलेला माणूस होता तो. गायकाच्या वाट्याला असं शहाणपण आलं की आपण त्याला शोकांतिका का म्हणतो?

इकडे ब्रिटनमधले डीजे त्याच्या जुन्या तबकड्या नाचघरांत वाजवत होते. १९९०च्या सुमारास ॲसिड जॅझ कंपनीच्या एडी पिलरनं त्याला शोधून काढलं. कॅलिअर नोकरीतून रजा टाकायचा, लंडनला जाऊन गायचा आणि परतून टेबलापाशी बसायचा. सहकाऱ्यांना पत्ताही नव्हता. ‘टाइमपीस’ (१९९८) या अल्बमला संयुक्त राष्ट्रांचा शांततेसाठीचा पुरस्कार मिळाला, बातमी कचेरीत पोचली आणि ती नोकरी गेली. नंतर २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत तो गाणाराच राहिला. मॅसिव्ह अटॅकसारख्या नव्या पिढीच्या गटानंही त्याला बोलावून घेतलं.

‘टाइमपीस’मध्ये ‘लाझारस मॅन’ नावाचं गाणं आहे. मरणातून उठवला गेलेला बायबलमधला लाझारस त्यात आपली गोष्ट सांगतो. परतून आल्याचा विजय मला त्या आवाजात ऐकू येत नाही, गमावल्याची तक्रारही नाही. कुठलीच घाई नसलेला, भरपूर जगून झालेला माणूस तिथे बोलतो. ‘डान्सिंग गर्ल’च्या वेळच्या कॅलिअरला, त्याचा आवाज कितीही देखणा असला तरी, हे गाणं असं गाता आलं नसतं.