नावीन्याचे गुण

प्राथमिकच्या वर्गांचं विज्ञान प्रदर्शन बंद करावं, असं मी अनेक वर्षं म्हणत आले. शिक्षकखोलीत म्हटलं, बैठकीत म्हटलं. एकदा तर उद्घाटनाच्या वेळी फीत कापायची कात्री सापडेना, तेवढ्या वेळात शेजारी बसलेल्या केंद्रप्रमुखांनाही ऐकवलं. यंदा बैठकीत कुणीतरी तोच मुद्दा काढला आणि विरोधात बोलायला मी एकटीच उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे कसं झालं ते त्यांना तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

माझं जुनं म्हणणं लेचंपेचं नव्हतं. मी माध्यमिकला विज्ञान शिकवते आणि परीक्षक म्हणून बऱ्याच शाळांच्या प्रदर्शनांना गेले आहे. पवनचक्की, ठिबक सिंचन, पर्जन्यजल संधारण, आदर्श गाव, इंजेक्शनच्या सिरिंजा नि सलाईनच्या नळ्या जोडून केलेला जेसीबी, आणि फसफसणारा ज्वालामुखी. ही यादी शाळा बदलली तरी बदलत नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तोवर ‘पर्यावरण वाचवा’ हे मॉडेलसुद्धा थर्माकोलवरच उभं असायचं. पुढे पुठ्ठा आला, एवढाच फरक.

तिसरीतला मुलगा जेसीबीमागे उभा राहून पास्कलचा नियम घडाघडा म्हणतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो. मी विचारायची, ‘नळीत पाण्याऐवजी हवाच ठेवली तर?’ की तो मागे भिंतीला टेकलेल्या बाबांकडे बघणार. खरं तर हे करून बघायला एक मिनिट लागत नाही. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. हवा भरलेला जेसीबी आळसावतो, हात उचलता उचलत नाही. पण करून बघायचं कुणाच्या मनातच आलेलं नसतं. मॉडेल रात्री जागून बाबांनी केलं, तक्त्यावरचं अक्षर ताईचं, पाठांतर आईनं करून घेतलं. ज्या घरात रात्री जागायला कुणी मोकळं नाही, त्या घरातलं मूल रिकाम्या हातानं येतं आणि दुसऱ्यांची मॉडेलं बघून परत जातं. हे विज्ञान नव्हे, हे पालकांचं हस्तकला प्रदर्शन आहे, असं मी म्हणायची. त्यातलं बरंचसं मला आजही खरंच वाटतं.

बदललं ते दुसरंच काहीतरी. परीक्षकाच्या गुणपत्रकात एक रकाना असतो, नावीन्याचा. माझा सगळा राग त्या रकान्याच्या आधारानं चालायचा. नवीन काय आहे यात? शंभर वेळा पाहिलेलं आहे. मग गुण कसले द्यायचे, आणि गुण द्यायचे नसतील तर प्रदर्शन कशाला?

एका लहानशा शाळेत चौथीतल्या मुलीनं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या मांडल्या होत्या. हळदीचा दर्शक. याहून जुनं काही असेल तर मला माहीत नाही. मुका मार लागला की आजी हळद-चुन्याचा लेप लावते, तो पिवळ्याचा लाल होतो, हे बघतच आपण वाढलो. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तेही तेच. मी नावीन्यापुढे शून्य लिहायच्याच बेतात होते. पण तिच्या वहीतला तक्ता छापील नव्हता, तिनं स्वतः आखलेला होता, आणि रेघा वाकड्या होत्या. लिंबू, ताक, चिंचेचं पाणी: पिवळा. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, अंगाचा साबण: लाल. शाम्पू: पिवळा. खायचा सोडा: ‘ठरत नाही’.

‘हे काय गं? पुस्तकात तर लाल होतो असं आहे.’

‘हो बाई, पण पट्टी कधी लाल दिसती, कधी नुसती केशरी. दादा म्हणाला लाल लिही. पण तसं दिसत नाही ना.’

खायच्या सोड्याचं पाणी आम्लारीधर्मी खरं, पण जेमतेम. त्याचा सामू आठाच्या थोडा वर असतो आणि हळद नेमकी त्याच सुमाराला रंग बदलत असते. त्यामुळे पट्टी धड पिवळीही राहत नाही आणि चुन्यात होते तशी लालभडकही होत नाही. धुण्याच्या सोड्याचा सामू अकराच्या आसपास, तिथे वादच नाही. म्हणजे ‘ठरत नाही’ हेच तिच्या तक्त्यातलं सगळ्यात अचूक निरीक्षण होतं. शाम्पूचंही तसंच. साबण लाल करतो तर शाम्पूही करेल असं मोठ्या माणसानं न बघताच लिहिलं असतं. बरेच शाम्पू आम्लारीधर्मी नसतात, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं पट्टी बुडवली होती.

क्रमांक कुणाला मिळाला, ते सोडून देऊ. त्या दिवशी मी लगेच बदलले असंही नाही. पुढच्या बैठकीत मी पुन्हा तेच जुनं भाषण केलं, फक्त बोलताना जरा अडखळले. कारण माझ्याच वर्गात, नववी-दहावीत, प्रयोगवहीत ‘ठरत नाही’ असं कुणीही कधीही लिहीत नाही. उत्तर आधी माहीत असतं, निरीक्षण त्याला जुळवून घेतात. मुलंच नव्हे, आम्हीही तसंच तपासतो.

आमचं प्रदर्शन भरतं ते राष्ट्रीय विज्ञान दिनाला. तो दिन १९८७ पासून २८ फेब्रुवारीला साजरा होतो. १९२८ साली त्या तारखेला सी. व्ही. रामन यांनी आपला शोध लावला. भाषणांत आम्ही नोबेलवर येऊन थांबतो. मला त्याआधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२१ साली बोटीनं परत येताना रामन यांना भूमध्य समुद्राच्या निळाईनं बुचकळ्यात टाकलं. त्यावर उत्तर होतंच, तेही लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या माणसाचं: ती आभाळाची निळाई पाण्यात दिसते. रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझममधून पाण्यावरचं प्रतिबिंब कापून बघितलं. निळा रंग गेला नाही, उलट गडद झाला. आमच्या रकान्यात बसवलं तर ‘समुद्र निळा का’ या विषयाला नावीन्याचे किती गुण पडले असते? प्रश्न जुना, उत्तर ठरलेलं. त्यांनी ते फक्त स्वतः तपासलं.

तेव्हा माझा हट्ट सुटला तो इथे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून नवीन काही मागायचंच कशाला? त्यानं जुनंच करावं, पण त्याला जे दिसलं ते लिहावं. आणि हे त्याला विचारणारी जागा शाळेत दुसरी कुठली आहे? तासाला नाही, परीक्षेत तर नाहीच. प्रदर्शनात मात्र एक अनोळखी मोठं माणूस येऊन त्याच्यापुढे वाकून उभं राहतं आणि विचारतं, ‘हे काय केलंस?’ ही जागा आम्ही पाठांतरानं भरली, ते वेगळं. ती बंद करून काहीच हाती येणार नव्हतं.

ज्वालामुखीशीही मी आता जमवून घेतलंय. पूर्वी तो दिसला की मी पुढच्या टेबलाकडे वळायची. सोडा आणि व्हिनेगर, त्यातून कार्बन डायऑक्साइड, त्यात ज्वालामुखीचं काय आहे? आता थांबते आणि खिडकीबाहेर बोट दाखवते. ‘तो डोंगर पण लाव्हाचाच. मग तो तुझ्यासारखा टोकदार का नाही?’ मुलं आधी हसतात, मग बाहेर बघतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबलचक भेगा पडून पातळ लाव्हा वाहिला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. म्हणून सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट. गंमत अशी की सबंध दख्खनच्या बेसाल्टवर बसून आपली मुलं जपानच्या फुजीयामाचा शंकू करतात. एका पठ्ठ्यानं शंकू तिथेच मोडला आणि मैद्याचं पातळ पीठ ताटात ओतून बघितलं. टेबलाचा सत्यानाश झाला. मुख्याध्यापक नाराज झाले, मी नाही.

काही गोष्टींवर मात्र मी जिथे होते तिथेच आहे. दुकानातून आणलेलं तयार किट टेबलावर नको. प्राथमिकला क्रमांक नकोत. पाहुण्यांची भाषणं नकोत, पण ती थांबवणं माझ्या हातात नाही. आमच्या शाळेत एवढंच झालं की तक्त्याच्या जागी निरीक्षणवही आली आणि वहीत ‘काय जमलं नाही’ असं एक पान सक्तीचं झालं. पालकांनी पहिल्या वर्षी तेही लिहून दिलं. फार सुरेख अक्षरात.

राहिला तो रिकाम्या हातानं येणाऱ्या मुलांचा प्रश्न. वहीनं तो थोडा सुटतो; हळद, ताक नि चुना प्रत्येक घरात असतं. पण आमच्याकडची काही मुलं फेब्रुवारीत शाळेतच नसतात. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात, ती गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. विज्ञान दिन त्यांनी कधी पाहिलेलाच नाही, आणि माझ्या जुन्या भाषणांत या मुलांचा उल्लेखही नसायचा.

म्हणून यंदा मी प्रदर्शन जुलैत घ्या म्हणून मागे लागले आहे. सगळी मुलं हजर असतात आणि पाऊस फुकट असतो. सरळ उभ्या भिंतींचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजायचं. डबा लहान असो की मोठा, मिलिमीटर जवळपास सारखेच यायला हवेत. का ते मुलांनीच भांडून ठरवावं. मुख्याध्यापक म्हणतात, ‘मॅडम, विज्ञान दिन फेब्रुवारीत असतो, परिपत्रक तेव्हा येतं, फोटो तेव्हा पाठवायचे असतात.’ मी म्हटलं, फेब्रुवारीत फोटो काढू, जुलैत प्रदर्शन भरवू. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. डबे मी गोळा करायला घेतलेत.