तीन तारांची पेटी

निर्मळच्या जत्रेत मातीच्या वाटीवर कागद ताणून केलेली सारंगी विकणारे फिरत असत. विकणारा तिच्यावर सिनेमातलं गाणं लीलया वाजवी आणि घरी आणली की तिच्यातून नुसती करकर निघे. दोन दिवसांत कागद फाटायचा. बाकीची मुलं ती सारंगी भिरकावून देत. मी मात्र वाटी, काडी आणि दोरा वेगळा काढून ठेवी. गाणं त्या माणसाच्या हातात होतं की वाटीत, एवढंच मला शोधून काढायचं होतं. तो शोध पुढे आयुष्यभर पुरला.

वसईच्या वाड्यांत वाजणाऱ्या गोष्टींना तोटा नव्हता. शेजारच्या ख्रिस्ती घरात लग्न निघालं की घुमट घुमायचं. आमच्याकडे गोंधळ असला की संबळाच्या जोडीला तुणतुणं यायचं. गोंधळी चहा घ्यायला बसले की मी तुणतुण्यापाशी सरकायचो. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला कातडं, वरचं तोंड उघडं. नळकांड्याला बाहेरून ठोकलेली बांबूची काठी, तिच्या टोकाला खुंटी आणि कातड्याच्या मधोमध अडकवून थेट खुंटीपर्यंत नेलेली एकच तार. झाकलेलं, लपवलेलं असं त्यात काही नाही. तार छेडली की कातडं थरथरतं, कातड्याने हलवलेली हवा नळकांड्यातून बाहेर पडते. पुढे शाळेत ध्वनीचा धडा आला तेव्हा तो मला ओळखीचा वाटला.

माझा मामा बोटीवर नोकरीला होता. एका सुट्टीत तो सिगारची रिकामी लाकडी पेटी घेऊन आला. आईने तिच्यात सुया, बटणं आणि दोऱ्याची रिळं ठेवली. पेटी उघडली की तंबाखूचा आणि लाकडाचा मिळून एक गोडसर वास यायचा. झाकणावर टिचकी मारली की टणक, स्वच्छ आवाज यायचा. टिचकी मारून पाहण्याची खोड मला तेव्हाच लागली. आजही नवं लाकूड हातात आलं की आधी कानाशी धरून वाजवतो, मग डोळ्यांनी पाहतो.

अशा पेट्यांच्या गिटारी होतात, हे मला कॉलेजात असताना कळलं. १८६० च्या दशकात अमेरिकेत करवसुलीसाठी सिगार पेट्यांत भरून, वर तिकीट चिकटवूनच विकायची सक्ती झाली. एकदा वापरलेली पेटी पुन्हा सिगारसाठी चालत नसे. त्यामुळे घरोघरी पातळ लाकडाच्या चांगल्या पेट्या रिकाम्या पडू लागल्या. ज्यांना दुकानातलं वाद्य परवडत नव्हतं त्यांनी त्या पेट्यांत काठी खुपसली आणि तारा ओढल्या. तिथल्या यादवी युद्धातल्या शिपायांचं एडविन फोर्ब्ज या चित्रकाराने काढलेलं एक चित्र १८७६ मध्ये छापलं गेलं. त्यात छावणीतला एक शिपाई सिगारपेटीचं फिडल वाजवतो आहे. रॉक अँड रोल गाजवणाऱ्या कार्ल पर्किन्सची पहिली गिटारही वडिलांनी सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा जोडून केलेली होती. हे वाचलं आणि मला आमचा गोंधळी आठवला. हाताशी काय आहे ते पाहायचं, त्यात तार ओढायची आणि गायला लागायचं, ही रीत दोन्हीकडे एकच.

आईकडे पेटी मागितली. तिने बटणं एका डब्यात ओतली आणि काही न विचारता पेटी माझ्या हातात दिली.

दांड्यासाठी साग मिळाला तो पाडलेल्या घराचा. त्या वर्षांत वसईत कौलारू घरं एकामागून एक उतरत होती आणि जुने वासे ढिगाने विकले जात होते. त्यातला एक सरळ रेषांचा तुकडा मी सुताराकडून रंधून घेतला. असा वासा पावसाळ्यांमागून पावसाळे सोसून मुरलेला असतो, आता तो वाकण्याचं भय नसतं. दांडा पेटीच्या एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा. खरी मेख मात्र आत आहे. झाकणाखाली येणारा दांड्याचा भाग तीन-चार मिलिमीटर खोल तासून काढावा लागतो. दांडा झाकणाला टेकला तर झाकण हलत नाही आणि आवाज कोंडतो. मधे ती फट राहिली की झाकण मोकळं थरारतं. बाहेरून पाहणाऱ्याला ही फट कधीच दिसत नाही, आणि वाद्याचा सगळा जीव तिच्यात असतो.

मग पडदे. तारेची मोकळी लांबी मी ६३५ मिलिमीटर धरली. पहिला पडदा वरच्या टोकापासून साधारण ३५.६ मिलिमीटरवर येतो, पंचमाचा सातवा २११ वर आणि वरचा सा बरोबर निम्म्यावर, ३१७.५ वर. प्रत्येक पडद्याला उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, एवढाच हिशेब. वही घेऊन तो मांडताना मला जे सुख झालं ते अजून सांगता येत नाही. लहानपणापासून कानाने ओळखलेला पंचम पट्टीवर एका रेघेत उभा होता.

तारा तीनच. अमेरिकेतले वादक त्या बहुतेक वेळा अशा लावतात की पहिली आणि तिसरी एकाच सुरात, सप्तकाच्या अंतराने, आणि मधली पंचमात. म्हणजे सा, प, सा. आपल्याकडे तंबोरा ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? पडद्यांवर बोटं दाबण्याऐवजी बाटलीच्या गळ्याचा घासलेला तुकडा बोटात घालून तारेवरून सरकवला की मींड निघते. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरतो तो याच कामासाठी. पहिल्या संध्याकाळी मी त्या पेटीवर भूप वाजवून पाहिला. पाचच स्वर, पण मधल्या जागा भरून निघाल्या. आई स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आता ही पेटी सुयांसाठी परत मागत नाही."

पुढे मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे घडताहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात आणि लाकूड तुणाचं. तिथे मला एक गोष्ट कळली आणि मी हरखून गेलो. सिगारच्या पेट्या ज्या सुवासिक लाकडाच्या करतात ते झाड आणि आपलं तूण जवळचे नातलग आहेत. दोघंही निंबाच्या कुळातले. आईच्या बटणांची पेटी आणि मिरजेची सतार यांचं गोत्र मिळत होतं.

तिथल्या एका कारागिराला मी जवारी काढताना पाहिलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसेने जरासा घासायचा, तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. डोळे बहुधा मिटलेलेच. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तो नेमक्या जागी आणला, तेव्हा एका स्वरातून अनेक स्वर उमलले. घरी येऊन मी माझ्या पेटीची अरुंद घोडी काढली, शिसवीची रुंद, सपाट घोडी बसवली आणि आईच्याच रिळातला धागा तारेखाली घातला. केसाएवढा पुढे-मागे करता करता एका जागी मधली तार झणकारून उठली. सिगारपेटी तंबोऱ्यासारखी बोलली. ती जागा मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

आमच्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-विक्रमगडकडे, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य अजून घरी बनतं. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्यांनी ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सगळा माल रानातला आणि परसातला. घुमटाचंही तसंच. त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद व्हायलाच हवं होतं. आता बकऱ्याचं कातडं लावतात आणि गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. सामान बदललं तरी घडवणाऱ्याचा कान शाबूत असेल तर वाद्य टिकतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज माझ्या घराभोवती वाड्या थोड्या आणि इमारती फार. पण वालीव-सातिवलीच्या कारखान्यांतून खोक्यांच्या फळ्या निघतात, मिठाईचे पत्र्याचे डबे घरोघरी असतात. सुट्टीत शेजारची मुलं येतात. आम्ही मिळून डब्याला दांडा लावतो. त्यांना मी आधी गाणं शिकवत नाही. घोडी अर्ध्या इंचाने सरकवायला सांगतो आणि विचारतो, काय झालं? ती ऐकतात, भांडतात, पुन्हा सरकवतात. तयार वाद्य सूर हातात देतं. घडवलेलं वाद्य त्या सुराचं कारणही सांगतं. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पंचम शोधला आहे, त्याला कुणाच्याही मैफलीत उपरं वाटणार नाही, मग ती सवाई गंधर्वची असो की गोंधळ्याच्या अंगणातली. म्हणून मला मनापासून वाटतं, प्रत्येक शाळेत ध्वनीचा धडा एका पेटीवर, एका तारेवर आणि मुलांच्याच हातांनी शिकवला जावा. खर्च नाममात्र आहे. लागतो तो वेळ, आणि शेजारी बसून ऐकणारं एक मोठं माणूस.