ऐकू येणे आणि कळणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या मातोश्रींनी सायंकाळी दूरदर्शन संचासमोर बसणे हळूहळू सोडून दिले. वय ८१; आम्हांस वाटले, त्यांचे मनच आता उठले. विचारले तेव्हा म्हणाल्या, "अरे, माणसे बोलतात ते कळत नाही, नुसता गलबला ऐकू येतो." आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीतच अधिक गर्जे आणि शेजारी भिंत ठोकीत!

दोष केवळ त्यांच्या कानांचा नव्हता. जुन्या संचाच्या पोटात पोकळी असे, स्पीकरलाही पुष्कळ जागा मिळे. नवा संच पाटीसारखा सपाट. त्याचे इवलेसे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बोलतात. त्यात वार्धक्यात उंच स्वर प्रथम लोपतात, आणि 'स', 'श' ही व्यंजने तर त्यांवरच उभी. नाद उरतो, शब्द हरवतो.

एका माजी विद्यार्थ्याच्या सल्ल्याने आम्ही संचाखाली ठेवावयाची साउंडबार नावाची लांब पट्टी आणली. संवादांसाठी मध्यभागी निराळा स्पीकर असलेलीच घ्यावी, असे त्याने बजावले होते. पहिल्या दिवशी ती मूकच राहिली. विद्यार्थीमित्रहो, हसू नका: संचामागे 'एचडीएमआय एआरसी' असे लिहिलेले भोक सोडून तार आम्ही शेजारच्या भोकात खोचली होती! ती चूक सुधारली, संचाचे स्वतःचे स्पीकर बंद केले.

बातम्या चालू होत्या. मातोश्री भाजीचे ताट घेऊन बाहेर आल्या व निवडीत बसल्या. काही वेळाने म्हणाल्या, "जरा हळू कर रे आवाज."