खारेपाटातलं तळं

मागच्या सुट्टीत अलिबागच्या किनाऱ्यावरून आमच्या धाकट्याने बरणीतून इवलासा मासा आणला आणि घरच्या काचेच्या टाकीत, गोल्डफिशच्या जोडीला सोडला. सकाळी बघतो तो उलटा तरंगतोय! पोरगं दिवसभर धड जेवलं नाही.

यंदा नणंदेकडे गेलो. पेण-अलिबागच्या खारेपाटात पुष्कळ घरांच्या दारात तळं असतं. “यात जिताडा आहे, खाडीतलं पिल्लू आणून वाढवलेला,” वन्सं म्हणाल्या.

“मग माझाच मासा का मेला, आत्या?”

वन्संनी त्याला जवळ घेतलं. “अरे, समुद्रातला मासा खारं पाणी पितो नि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. गोड्यातला अंगात शिरलेलं पाणी सारखं बाहेर टाकतो. दोघांची तऱ्हाच उलटी! जिताड्याला दोन्ही जमतं, तेही हळूहळू. अंडी घालायला मात्र त्याला खारंच पाणी लागतं.” मग माझ्याकडे बघून हसल्या, “आपण तरी सासरच्या पाण्याला एका दिवसात कुठं सरावलो, वहिनी?”

मैत्रिणींनो, मुलांनी कितीही हट्ट केला तरी दोन पाण्यांचे मासे एका टाकीत कोंडू नका.

परतताना धाकट्याने किनाऱ्यावर पुन्हा एक मासा ओंजळीत धरला. क्षणभर पाहिला, आणि आपणहून लाटेत सोडून दिला.