कुळाचे नाव, गावाचे नाव

प्राचीन रोममधील प्रतिष्ठित पुरुषाचे नाव सामान्यतः तिपदरी असे : पहिले व्यक्तीचे, दुसरे कुळाचे, ज्याला ‘गेन्स’ म्हणत, आणि तिसरे त्या कुळातील शाखेचे. हॅनिबलला हरवणारा स्किपिओ आणि पुढे रोमचा सर्वाधिकारी झालेला सुल्ला हे दोघेही कॉर्नेलिअस कुळातलेच. त्यांच्या शाखा निराळ्या आहेत हे मात्र तिसऱ्या नावावरूनच कळे.

कृष्णाकाठी शाखा वेगळ्या ओळखण्याची हीच गरज पटवर्धनांना भासली. रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीच्या घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले, त्यांचे पुत्र पेशव्यांच्या चाकरीत चढत गेले, आणि पूजापाठाच्या घरात तलवार आली. तरी गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्र्यंबक हरी या नावांतून त्या भिक्षुक पित्याची सोबत रणांगणातही सुटली नाही. पुढे वंश विस्तारला, सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी मिळालेले महसुली मुलूख, शाखांत विभागले गेले आणि एकाच आडनावाला मिरजकर, तासगावकर, जमखंडीकर, कुरुंदवाडकर अशा गावांच्या ओळखी लाभल्या. याच पटवर्धनांपैकी परशुरामभाऊंनी तासगावात दाक्षिणात्य घडणीच्या गोपुराचे गणपतीमंदिर उभारले. चिंतामणराव आप्पासाहेबांनी १८०१ मध्ये चुलत्यांपासून वेगळे होऊन सांगलीत गादी स्थापली, आणि त्यांच्याच आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले.

साताऱ्याच्या बाजूस फलटणचे निंबाळकर मूळचे पवार; निंबळक गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले, आणि ते इतके रुजले की मूळ कुळनाम मागे पडले. याच घराण्याच्या सईबाई शिवाजी महाराजांच्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या माता. रोममध्ये कॉर्नेलिअस कुळातली कन्या ग्रॅकसशी विवाह झाल्यावरही कॉर्नेलियाच राहिली. सईबाई लग्नाने भोसल्यांच्या झाल्या, तरी लोकांच्या आठवणीत त्या आजही फलटणच्या निंबाळकरांची लेक आहेत. माहेरचे नाव कागदावरून उतरले, तरी जिव्हाळ्याच्या बोलण्यात ते टिकून राहते.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ नावाने निर्माण झालेल्या जिल्ह्याला १९६० मध्ये सांगलीचे नाव मिळाले. जहागिऱ्या गेल्या, सनदा दप्तरांत निजल्या. आणि मिरजेत जन्मलेल्या गायक विनायकरावांमुळे पटवर्धन हे आडनाव तलवारीइतकेच ख्यालगायनाचेही झाले. सांगलीच्या भर बाजारातून जाणारा रस्ता मात्र कुणा सेनापतीचे नाव सांगत नाही. ज्यांनी ना मुलूख जिंकला, ना ही गादी पाहिली, त्या उपाध्यायांच्या नावाने तो ‘हरभट रस्ता’ म्हणून ओळखला जातो, आणि भाजीची पिशवी घेऊन निघालेले माणूसही सहजपणे त्या मूळपुरुषाचे नाव घेते.