कापलेला फिल्टर

बायोडिझेलवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा, असं विचारणाऱ्या गाडीमालकाला एक आकडा हवा असतो. साध्या डिझेलसाठी तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. बायोडिझेलसाठी मी आकडा देत नाही. आधीचा फिल्टर कापून बघू, मग सांगतो, एवढंच म्हणतो.

आमच्या नाशिकच्या गॅरेजात या इंधनावर येतात त्या जुन्या गाड्या. ट्रॅक्स त्यातली माझी आवडती. तिचं इंजिन मर्सिडीजचं ओएम 616, पुण्याच्या बजाज टेम्पोनं परवान्यावर बनवलेलं. सोशिक आणि दणकट. इंधन असतं तळणीच्या वापरलेल्या तेलाचं. फरसाणवाल्यांकडचं, हॉटेलांतलं काळं तेल गोळा करायचं, गाळायचं, त्यावर मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करायची. जड ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ, पिवळसर बायोडिझेल उरतं. मला हे इंधन मनापासून आवडतं. तळणीच्या तेलातली खराबी 25 टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम 2018 साली आला. ते तेल पुन्हा कुणाच्या कढईत किंवा गटारात जाण्यापेक्षा गाडीच्या टाकीत गेलेलं किती चांगलं! म्हणूनच फिल्टर चोकअप झाला की लोक इंधनाला शिव्या घालतात, ते मला सहन होत नाही.

पहिला फिल्टर लवकर भरतो, हे खरं आहे. वर्षानुवर्षं डिझेलवर चाललेल्या गाडीच्या टाकीत आणि पाइपांत आतून काळा चिकट थर बसलेला असतो. डिझेल त्याला हात लावत नाही. बायोडिझेल मात्र चांगलं द्रावक आहे. रंगवलेल्या पत्र्यावर सांडलं आणि तसंच राहिलं तर रंगसुद्धा सोडवतं. टाकीत गेलं की ते तो थर सोडवायला लागतं आणि सुटलेला सगळा गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. पहिल्या दोन-तीन टाक्यांतच फिल्टर भरला तर नवल नाही. पण ती घाण जुन्या डिझेलची. एकदा ती निघून गेली आणि माल चांगला असला की पुढचे फिल्टर जवळजवळ नेहमीइतकेच टिकतात. टाकी फार जुनी, आतून गंजलेली असेल तर मी आधी टाकी उतरवून धुतो. त्यात एक दिवस जातो, पण पुढचे फिल्टर वाचतात.

भरत आलेला फिल्टर सपाट रस्त्यावर कळत नाही. इंजिनला तिथे इंधन थोडंच लागतं. कसारा घाट चढायला लागलं की मागणी वाढते, कागदातून तेवढं इंधन येत नाही, गाडी ओढत नाही आणि झटके देते. इथे एक फरक नीट ओळखावा लागतो. गाडी बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबलात, पुन्हा सेल्फ मारला, गाडी मस्त पळाली आणि थोड्या वेळानं परत दमली, तर दोष बहुधा टाकीतल्या जाळीत असतो. इंजिन बंद पडल्यावर ओढ थांबते, जाळीला चिकटलेला गाळ खाली बसतो, वाट मोकळी होते. फिल्टरच्या कागदात रुतलेली घाण अशी आपोआप सुटत नाही. टाकीचं झाकण उघडताना फुस्स आवाज येऊन हवा आत शिरली, तर टाकीला हवा देणारी नळी बंद आहे असं समजावं. आणि जुन्या रबरी नळ्या! साधं रबर आणि नायट्राइल बायोडिझेलनं फुगतं, मऊ पडतं, जोडापाशी हवा धरतं. लक्षणं मात्र हुबेहूब चोक झालेल्या फिल्टरची. म्हणून फिल्टरला हात लावण्याआधी मी पंपाच्या अलीकडे एक पारदर्शक नळी जोडतो. तिच्यातून बुडबुडे जाताना दिसले की आधी नळ्या बदलायच्या आणि त्या व्हायटनच्या घालायच्या. ज्या गाड्यांत मुख्य पंप स्वतःच फिल्टरमधून इंधन ओढतो, तिथे दोघांमध्ये व्हॅक्युम गेज लावला की अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

आता कापण्याबद्दल. हॅक्सॉनं कापू नये. लोखंडाचा कीस कागदात मिसळतो आणि मग आतलं काय आणि आपलं काय, ते कळत नाही. डबा उघडतात तसं गोल फिरणारं कटर वापरावं. इंधन निथळू द्यावं, कागदाच्या घड्या सोडवून पांढऱ्या ट्रेमध्ये उजेडात पसराव्यात. कोरडा, बारीक काळा गाळ दिसला तर तो जुन्या थराचा. दुसरा फिल्टर आणून ठेवावा आणि निश्चिंत राहावं. तांबूस गंज म्हणजे टाकीत पाणी. हाताला बुळबुळीत लागणारा, कुबट वासाचा थर असेल तर पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढली आहे. तिथे नुसता फिल्टर बदलून काही होत नाही, टाकी रिकामी करून साफच करावी लागते.

सर्वांत फसवा थर पांढरट, तुपकट असतो. पामतेलाचं बायोडिझेल साधारण 13 ते 16 अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागतं, आणि आपल्याकडच्या तळणीत पामतेलच फार. डिसेंबरच्या पहाटे निफाडचा पारा एक आकडी होतो. त्या सकाळी बंद पडलेल्या गाडीचा फिल्टर मी फेकत नाही, उन्हात ठेवतो. थर वितळून कागद मोकळा झाला तर तो थंडीचा दोष. फिल्टर ठीक आहे, हिवाळ्यापुरतं त्या गाडीत डिझेलचं प्रमाण वाढवावं. ऊन लागूनही थर तसाच राहिला तर मालच कच्चा आहे. त्यात साबण, अर्धवट प्रक्रिया झालेलं तेल किंवा ग्लिसरीनचे अंश राहिले आहेत.

हे फक्त लहान कारखान्यांतच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं 2005 च्या सप्टेंबरअखेर डिझेलमध्ये 2 टक्के बायोडिझेल सक्तीचं केलं. थंडी पडली, ट्रकांचे फिल्टर चोंदायला लागले आणि डिसेंबरमध्ये ती सक्ती तात्पुरती थांबवावी लागली. काही मालात ग्लिसरीन मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. अवघे 2 टक्के! आपल्याकडे तर लोक शंभर टक्के भरतात. म्हणून नव्या पुरवठादाराचा माल आला की मी 27 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये 3 मिलिलिटर बायोडिझेल घालून हलवतो. सगळं विरघळलं तर उत्तम, तळाशी तेल उरलं तर तो माल परत.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. बायोडिझेल डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतं. आयएस 15607 या आपल्या मानकात किलोमागे 500 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि पत्र्याला थेंब धरतात. जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवावी आणि फिल्टरखालचा पाण्याचा नळ नेमानं उघडावा. शेतावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तर बायोडिझेल ठेवूच नये. हवेशी संयोग होऊन त्याचा चीक बनतो.

नव्या कॉमन रेल गाड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यांच्या फिल्टरचा कागद फार बारीक, नोझलमधला दाब हजार बारच्या कितीतरी वर, आणि धुराचा फिल्टर साफ करताना जादा सोडलेलं बायोडिझेल सहज उडून जात नाही, इंजिन ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीत कंपनीनं मॅन्युअलमध्ये मान्य केलेलं मिश्रण सोडून थेंबही जास्त घालू नका. जुन्या गाडीत जरूर घाला. फक्त पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत घाटात जाताना एक जादा फिल्टर, तांब्याचे नवे वॉशर आणि योग्य मापाचा पाना सोबत घ्या.